मुक्कामाची ड्यूटी

घाटमाथ्यावरच्या त्या गावात रात्री साडेआठनंतर शिरणारं मोठं वाहन एकच, एसटीची मुक्कामी गाडी. शेवटचे सात-आठ प्रवासी पारापाशी उतरले की ड्रायव्हर गाडी वळवून तिचं तोंड तालुक्याकडे करून ठेवतो. पहाटे अंधारात वळवायची भानगड नको. उभी करायची जागाही ठरलेली आहे, जरा उताराची. सकाळी बॅटरीनं दगा दिलाच तर चार माणसांनी ढकलली की गाडी सुरू व्हावी म्हणून. मागच्या चाकाला दगड लावला, पाटी बदलली, की ड्रायव्हरचं दिवसाचं काम संपलं. तो मागच्या लांब सीटवर अंथरूण टाकतो, खिडकीच्या गजाला शर्ट अडकवतो आणि देवळाशेजारच्या नळावर तोंड धुवायला जातो.

कंडक्टरचं काम मात्र संपलेलं नसतं. मोबाइलच्या उजेडात तो तिकीट मशीनवरचा आकडा बघतो, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा वेगळ्या लावतो, चिल्लर मोजून पिशवीत बांधतो आणि वेबिलाशी मेळ घालतो. आठ रुपये कमी भरतात. तो पुन्हा मोजतो. पुन्हा आठ कमी. मग स्वतःच्या खिशातून दहाची नोट काढून गड्डीत घालतो आणि दोन रुपये परत घेतो. रोकड आगारात भरली जाणार उद्या दुपारी. तोवर ती बॅग त्याच्या उशाला. ड्रायव्हर पाच मिनिटांत घोरायला लागला, कंडक्टर मात्र कुत्रं भुंकलं तरी उठून बसत होता. एकाच गाडीत, एकाच ड्यूटीवर, चार हातांवर निजलेल्या दोन माणसांची रात्र सारखी नव्हती.

हिंजवडी सोडून डेपोत

नोकरी आणि मनाचं आरोग्य हा विषय हातात पडला की लिहिणाऱ्याची पावलं आपोआप पुण्यातल्या आयटीच्या हिंजवडीकडे वळतात. 2024 साली पुण्यातल्या एका बड्या लेखा-संस्थेत काम करणारी 26 वर्षांची तरुणी गेली. तिच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं आणि काचेच्या इमारतींतल्या कामाच्या तासांवर बरंच बोललं गेलं. ते व्हायलाच हवं होतं. पण ताण म्हणजे लॅपटॉप आणि रात्री अकराचा कॉल, अशी एक समजूत त्यातून पक्की झाली.

मी एसटी निवडली, कारण तिथे ताण कागदावर मांडलेला असतो. कोण किती वाजता निघेल, किती किलोमीटर चालवेल, कुठे झोपेल हे सगळं आधी ठरवून फळ्यावर लावलेलं असतं. 1 जून 1948 ला अहमदनगर ते पुणे अशी पहिली गाडी सुटली. आज 250च्या आसपास आगारं आणि 80 हजारांहून अधिक कर्मचारी एवढा तो संसार आहे. शिवाय 2025 मध्ये नवी श्रमसंहिता लागू होईपर्यंत याच व्यवसायासाठी 1961 पासून केंद्राचा वेगळा कायदा होता, मोटार परिवहन कामगार अधिनियम. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत. सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विसावा. मोठ्या आगारात कँटीन हवं, रात्री थांबावं लागतं तिथे विश्रांतीची खोली हवी. साठ वर्षांपूर्वी इतकं नेमकं लिहून ठेवणाऱ्यांना कामाची जाण होती, हे मान्य करायला हवं.

आता गंमत अशी, की या आठ तासांत गाडी फलाटावर उभी असतानाचे तास कसे धरायचे यावर सगळा खेळ चालतो. ड्रायव्हर सकाळी सहाला घरून निघतो, दोन फेऱ्या मारतो, दुपारी परगावच्या स्टँडवर अडीच तास बसून राहतो, पुन्हा दोन फेऱ्या मारतो आणि रात्री सातला घरी पोचतो. हातात स्टिअरिंग होतं ते आठच तास. बाकीचा वेळ त्याचा म्हणावा तर तो घरी नाही, आणि कामाचा म्हणावा तर गाडी उभी. कायद्यानं हा सगळा पसारा साधारणपणे 12 तासांत आवरावा असं म्हटलं होतं. पसारा आवरतोही, कागदावर. घाटात दरड आली, टायर बसला, पुढच्या स्टँडवर बदली ड्रायव्हर आलाच नाही, की कागद तिथेच राहतो आणि माणूस पुढे जातो.

डेपोतला खरा डॉक्टर

आगारात सगळ्यात जास्त लोक जिथे घुटमळतात ती जागा कँटीन नव्हे, व्यवस्थापकांची केबिनही नव्हे. ती म्हणजे उद्याच्या ड्यूट्या लावणाऱ्या माणसाचं टेबल. या टेबलाला सगळे ‘अलोकेशन’ म्हणतात. दुपारी तीननंतर तिथला फोन थांबत नाही. प्रश्न एकच: “साहेब, उद्या काय लागलंय?”

मी ज्या आगारात बसलो, तिथले हे साहेब पन्नाशीचे. समोर लांबच लांब तक्ता. एका रकान्यात शेड्यूलचा नंबर, पुढे चालक, वाहक, गाडी. ते पेन्सिलनं लिहितात आणि खोडरबर हाताशी ठेवतात. कुणाला मुक्काम, कुणाला रात्रभर धावणारी रातराणी, कुणाला तालुक्यातल्या फेऱ्या, हे तेच ठरवतात. कुणाच्या आईचं डायलिसिस कोणत्या वारी असतं, कुणाचं कुणाशी जमत नाही, कुणाची पाठ धरलेली असल्यानं घाटाची गाडी देऊ नये, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्या टेबलापाशी बसल्यावर माझी खात्री झाली, की या डेपोतल्या शे-दोनशे माणसांच्या रक्तदाबावर त्या पेन्सिलीइतका इलाज दुसऱ्या कशाचा नसेल.

त्यांचा हिशेब त्यांनी मला समजावला. शंभर शेड्यूल चालवायची, तर शंभर ड्रायव्हर पुरत नाहीत. प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी, म्हणजे सहा जणांमागे एक जास्तीचा माणूस नुसता सुट्टीसाठी लागतो. त्यावर रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाची तारीख, निलंबन. हे जास्तीचे लोक असतील तर पेन्सिल हलकी चालते. नसतील तर काय होतं ते असं. भावाच्या लग्नाला चार दिवस रजा मागणाऱ्याला नाही म्हणावं लागतं. लग्न चुकवायचं नसतं, म्हणून तो न सांगता घरी राहतो. फळ्यावर त्याच्या नावापुढे गैरहजर लागतं. त्याची गाडी रद्द केली तर शाळेची मुलं स्टँडवर अडकतात, म्हणून नुकत्याच रातराणीवरून उतरलेल्याला विनवून पाठवतात. हा दुसरा एकदा येतो, दोनदा येतो, तिसऱ्यांदा मोबाइल बंद करून झोपतो. आता दोन माणसं कमी. लग्नाहून परतलेल्याच्या हातात आरोपपत्र पडतं आणि तोही आजारी पडतो. त्यात खोटं काही नसतं. चीड गिळून घाट चढवणाऱ्याचा रक्तदाब खरोखरच वाढलेला असतो.

वरून बघणाऱ्याला यात बेशिस्त दिसते. टेबलावरून बघितलं तर माणसं कमी आहेत, इतकंच दिसतं.

लंडनच्या पँटी

कामाची जागा माणसाचं शरीर कसं घडवते, हे विज्ञानाला शिकवण्यात बसगाडीचाही वाटा आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासत होते. 1953 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडलं, की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना, दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या चढउतर करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. व्यायामाचं महत्त्व सांगणाऱ्या आजच्या प्रत्येक डॉक्टरच्या मागे कुठेतरी ती लाल बस उभी आहे. पण मॉरिस स्वतःच्या निष्कर्षावर खूश होऊन थांबले नाहीत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नंतर परिवहन खात्याच्या गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि पँटींची कंबर मोजली. ड्रायव्हरांच्या पँटी तरुण वयापासूनच रुंद होत्या. म्हणजे काम माणसाला जाड करतं हे खरं असलं, तरी कुठल्या कामाला कुठला माणूस जातो हाही प्रश्न होताच. शिंप्याच्या वहीतून विज्ञान करण्याची ही तऱ्हा मला फार आवडते.

बसणं आणि चालणं एवढ्यानं मात्र सगळं उलगडत नाही. एसटीच्या लालपरीला वरचा मजला नाही, आणि आपल्या कंडक्टरची तब्येत ड्रायव्हरपेक्षा ठणठणीत आहे असं स्टँडवर तरी दिसत नाही. पुढचा धागा दिला तो रॉबर्ट कॅरसेक यांनी, 1979 मध्ये. नुसत्या जास्त कामानं माणूस झिजत नाही, काम जास्त आणि त्यावर आपला अधिकार कमी, या जोडीनं झिजतो, असं त्यांनी दाखवलं. नऊ वर्षांनी जॉन्सन आणि हॉल यांनी स्वीडनमधल्या अभ्यासातून तिसरी गोष्ट जोडली: पाठीशी कुणी आहे का? रेटा भरपूर, हातात काही नाही आणि सोबतही नाही, अशा ठिकाणी हृदय सगळ्यात आधी दमतं. 1980च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या बसचालकांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण जास्त आढळलं, तेव्हा अभ्यासकांनी चालकांच्या सवयींइतकंच त्यांच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं.

आपल्या ड्रायव्हरला हे कुणी सांगावं लागत नाही. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली याचा आकडा, ज्याला सगळे ‘केपीटीएल’ म्हणतात, त्याच्या नावावर लागतो. गाडी जुनी आहे, रस्ता खोदलेला आहे, आठवडी बाजारात पाऊण तास पहिल्या गिअरवर गेला, यातलं काही त्याच्या हातात नव्हतं. आकडा मात्र त्याचा. कंडक्टरला उत्पन्न विचारतात. पाठोपाठ तीन गाड्या सोडल्या आणि तिसरी रिकामी गेली, तरी तिचं उत्पन्न त्याचंच. गाडी कुठली मिळावी, जोडीदार कोण असावा, लघवीला कुठे थांबावं, यातलं काहीही न ठरवता येणाऱ्या माणसाला दिवसाच्या शेवटी सगळ्याचा जाब द्यायचा असतो.

एक शून्य तिकीट

ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. दोन्ही निर्णयांनी गाड्या भरल्या. कधीच एकटीनं तालुका न गाठलेल्या बायका बाजाराला, माहेराला, दवाखान्यात जायला लागल्या, याचं मोल कुणी पैशात करू नये. पण हा आनंद गाडीत उतरला तो कंडक्टरच्या खांद्यावरून. पंचाहत्तरीच्या आजोबांकडे आधार कार्डाची झेरॉक्स नसते. ते आजोबा पंच्याहत्तरचे आहेत हे चेहऱ्यावर दिसतं, मशीनला दिसत नाही. शून्य रुपयाचं असलं तरी तिकीट फाडावंच लागतं, आणि कागद न बघता फाडलं तर वाटेत चढणारं तपासणी पथक तो कंडक्टरचा दोष मानतं.

“आजोबा, कार्ड दाखवा की.”

“आरं, मी काय पोरगा दिसतोय व्हय?”

मागून कुणीतरी हसतं, पुढचा स्टॉप येतो, दारातून आणखी वीस जण चढतात. त्या गर्दीत कंडक्टरनं चिडायचं नाही, आणि तिकीट चुकवायचंही नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या हवाई सुंदऱ्यांवर लिहिताना 1983 साली म्हटलं होतं, की हसरा चेहरा हेही श्रमच आहेत. सत्तर माणसांच्या गाडीत तो श्रम उभ्यानं करायचा असतो.

सुट्ट्या पैशांची कटकट मात्र खरोखर कमी झाली आहे. नव्या मशीनवर मोबाइलनं पैसे देता येतात, तेव्हापासून सकाळच्या पहिल्या फेरीतली पाचशेची नोट माणसाचा दिवस नासवत नाही, असं एक वाहक ताई म्हणाल्या. ताण घटवणाऱ्या गोष्टी अशा असतात. कुणी त्यांना मानसिक आरोग्याचा उपक्रम म्हणत नाही.

याच ताईंनी दुसरी गोष्ट सांगितली ती मात्र जुनीच. त्या ड्यूटीवर पाणी पीत नाहीत. वाटेतल्या स्टँडवरचं स्वच्छतागृह कसं असेल याचा भरवसा नाही, आणि गाडी पाच मिनिटंच थांबते. उन्हाळ्यात दोनदा मूतखड्यानं आडव्या पडल्या. बायकांना शक्यतो मुक्काम लावत नाहीत, हे बरंच. पण त्यामुळे पुरुष कंडक्टरांच्या वाट्याला मुक्काम जास्त येतात आणि कुरकुर बायकांच्या नावानं होते. सोय एकीची, भार दुसऱ्यावर, आणि माणसं न वाढवणारा तिसराच मोकळा.

संपाच्या हिवाळ्यात

हे सगळं साठत जातं तेव्हा काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 2020च्या मे महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, याच लोकांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवलं. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून त्यांना मुंबईत ‘बेस्ट’च्या मदतीला आणलं गेलं. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांचे पगार थकलेले होते. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. पुढच्या दिवाळीच्या सुमाराला संप पेटला. मागणी होती एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची. नोव्हेंबर 2021 मध्ये सेवाकाळाप्रमाणे 5,000, 4,000 आणि 2,500 रुपयांची मूळ वेतनवाढ जाहीर झाली, तरी बरेच लोक परतले नाहीत. एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयानं मुदत घालून दिल्यावर गाड्या पूर्ववत सुरू झाल्या.

पगार वाढवूनही माणसं मैदानातून उठेनात, याचं शहरातल्या अनेकांना नवल वाटलं होतं. त्या हिवाळ्यात आझाद मैदानावर बसलेल्या एका ड्रायव्हरला मी आता हे विचारलं. तो म्हणाला की पैसे हवेच होते, पण त्याला सात तारखेच्या पगाराची खात्री हवी होती. सोसायटीचा हप्ता, एसटी बँकेच्या कर्जाचा हप्ता कापून हातात येणारी रक्कम आधीच तुटपुंजी, ती कधी येणार हेही ठाऊक नसलं की स्टिअरिंगवर डोकं ठिकाणावर राहत नाही. सरकारी शिक्का त्याला रुबाबासाठी नको होता. महिन्याची तारीख पक्की असावी म्हणून हवा होता. विलीनीकरण शक्य होतं की नव्हतं हा वाद वेगळा. मला स्वतःला ती मागणी ताणली गेली असं वाटत आलं आहे. पण तिच्याखाली जे दुखणं होतं, ते हिशेबातून सुटलं.

पाठीशी कोण

मग ही माणसं तरतात कशावर? पहिलं उत्तर, जोडीदारावर. वर्षानुवर्षं एकत्र चालणारी ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी असेल तर अर्धा ताण घंटीच्या दोरीवर मिटतो. कंडक्टर नुसत्या टोल्यावरून सांगतो, की मागे म्हातारी आहे, बेतानं घे. ड्रायव्हरला झोपेची डुलकी यायच्या आत तो पुढे येऊन बॉनेटपाशी उभा राहतो आणि काहीबाही बोलत राहतो. जोड्या फोडू नका ही साधी मागणी त्यामुळे जिव्हाळ्याची आहे, आणि माणसं कमी पडली की पहिल्यांदा तीच मोडते.

दुसरं उत्तर गाव. ज्या गावच्या मुक्कामानं हा लेख सुरू झाला तिथे घरांनी पाळी लावून घेतली आहे. आज कुणाकडून भाकरी-कालवण, उद्या कुणाकडून. पहाटे पाचला एक दूधवाला बसच्या पत्र्यावर थाप मारून उठवतो. यात भाबडं काही नाही. गाडी वेळेवर सुटली तर त्याचं दूध आणि गावची मुलं तालुक्याला वेळेवर पोचतात. मात्र प्रत्येक गाव असं नसतं. काही ठिकाणी ग्रामपंचायतीची खोली कुलपात असते आणि पावसाळ्यात गळक्या गाडीत ताडपत्री पांघरून झोपावं लागतं. कायद्यातली विश्रांतीची खोली गावाच्या चांगुलपणावर सोडून दिली, की ती कुणाचं नशीब ठरते.

तिसरी जी अधिकृत बाजू, तिच्याविषयी लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो. 25 वर्षं विनाअपघात गाडी चालवलेल्या चालकांचा सपत्नीक सत्कार होतो. ही प्रथा मला मनापासून पटते, कारण रातराणीवरच्या माणसाची झोप दिवसा कुणी सांभाळली, पोरांना कुणी गप्प बसवलं, हे तिच्यात मान्य केलं आहे. आरोग्य तपासण्या होतात, डोळे तपासले जातात. ताणमुक्तीची व्याख्यानंही होतात. अशा एका व्याख्यानाबद्दल ऐकलं ते असं: दीर्घ श्वास घ्या, रात्री सात तास झोपा, जेवणाच्या वेळा पाळा. समोर बसलेल्यांतले निम्मे रात्रपाळीहून थेट तिथे आणलेले होते. ते खरोखरच झोपले.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून सांगितलं, की आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. हा धोका दीर्घ श्वासानं जात नाही. तो फळ्यावरच्या तासांनी येतो आणि फळ्यावरच्या तासांनीच जातो. म्हणून विश्रांतिगृहातले ढेकूण, रजेचा अर्ज आणि जास्तीची माणसं यांच्याविषयी बोलणं टाळून मनःस्वास्थ्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाकडे मी आता जरा संशयानं बघतो, मग तो डेपोतला असो की हिंजवडीतला.

शेवटच्या दुपारी अलोकेशनच्या टेबलावर दिवाळीच्या जादा गाड्यांची यादी येऊन पडली होती. लोक गावी जाणार म्हणजे यांनी गावी जायचं नाही, हे इथे गृहीत असतं. भाऊबीजेच्या दिवसासाठीचे रजेचे अर्ज एका पिनेत अडकवलेले होते, तीसच्या वर. साहेबांनी त्यातले चार बाजूला काढले. एक जण चार वर्षं सणाला घरी गेला नव्हता, एकाची बहीण यंदाच विधवा झालेली, दोघांना मागच्या दिवाळीत शब्द दिलेला. बाकीच्यांचं काय करणार, असं विचारल्यावर त्यांनी पेन्सिलीला टोक करत सांगितलं, की सकाळच्या ड्यूटीवाल्यांना दुपारी दोनपर्यंत सोडता येतं का ते बघतो, आणि जवळच्या गावांतल्या पोरांना त्यांच्याच रूटची गाडी लावतो. बहिणीला स्टँडवर यायला सांगतील. गाडी दहा मिनिटं थांबते.